प्रबंधलेखनातील संदर्भनिर्देश : नियम व त्यांमागील हेतू

ईश्वरविज्ञानाच्या पदवीसाठी लघुप्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांची एक तक्रार आमच्या कानी वारंवार येते. विषय निवडला, गावोगाव हिंडून माहिती जमविली, प्रकरणे लिहून काढली, आणि मार्गदर्शकांनी सगळा गठ्ठा परत पाठविला तो केवळ तळटिपांसाठी! कोठे पृष्ठांक नाही, कोठे आवृत्ती नाही, कोठे एकाच लेखकाचे नाव तीन तऱ्हांनी पडले आहे. ज्याचा विषय आपल्या मंडळीची श्रद्धा हा आहे, त्याला स्वल्पविराम आणि पूर्णविराम यांच्या पायी इतके छळावे काय, असा त्यांचा प्रश्न असतो. पुष्कळ पाळक, धर्मगुरू व धर्मशिक्षकही मनातून त्यांच्याच बाजूचे असतात.

आम्हीही एके काळी त्याच बाजूचे होतो. वीसएक वर्षांपूर्वी आम्ही आमचा लघुप्रबंध लिहिला, तो निपाणीजवळच्या एका खेड्यातील ख्रिस्ती कुटुंबांविषयी होता. त्या गावी एक वृद्ध बाई होत्या. उमेदीची सारी वर्षे त्यांनी तंबाखूच्या वखारीत काढली होती. पहिली कुटुंबे गावात कोठून आली, प्रार्थनेसाठी कोणाच्या पडवीत जमत, पहिला धर्मशिक्षक कोण होता, हे सारे त्यांनी आम्हांला दोन संध्याकाळी बसून सांगितले. आमच्या तिसऱ्या प्रकरणाचा निम्मा भाग त्यांच्याच कथनावर उभा होता. तळटिपेत आम्ही लिहिले : ‘गावातील एका वृद्धेने दिलेली माहिती.’ तोंडी परीक्षेच्या वेळी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या टिपेवर बोट ठेवून एवढेच विचारले, “कोणी, कोठे, केव्हा?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. सारा गाव त्यांना आजी म्हणे, म्हणून आम्हीही आजीच म्हटले होते. परीक्षा झाल्यावर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो, तेव्हा त्यांना देवाज्ञा होऊन चार महिने झाले होते, आणि त्यांचे घर बंद होते.

प्रबंध मान्य झाला, पदवी मिळाली. परंतु पुढे दुसऱ्या एका अभ्यासकाला त्याच गावाचा इतिहास लिहावयाचा होता, तेव्हा आमच्या तिसऱ्या प्रकरणाचा त्याला काही उपयोग करता आला नाही. नाव नसलेल्या साक्षीवर त्याने भिस्त कशी ठेवावी? जे त्या बाईंच्या जवळ होते आणि ज्याची दुसरी नोंद कोठेही नव्हती, ते आमच्या एका ढिल्या टिपेमुळे वाया गेले. तेव्हापासून तळटीप ह्या गोष्टीकडे आम्ही निराळ्या दृष्टीने पाहू लागलो. प्रस्तुत लेखात आम्ही प्रबंधाचे काही नियम सांगणार आहोत. परंतु नियमांच्या आधी त्यांचे कारण सांगणे इष्ट होईल.

१. संदर्भ कशासाठी

संदर्भनिर्देश म्हणजे विद्वत्तेचे प्रदर्शन नव्हे. वाचकाला आपल्या मागोमाग त्याच वाटेने जाऊन पडताळा घेता यावा, आणि ज्याच्याकडून आपण काही घेतले त्याचे ऋण मान्य व्हावे, हे त्याचे दोन हेतू होत. हे दोन्ही हेतू ख्रिस्ती परंपरेला परके नाहीत. लूक आपल्या शुभवर्तमानाच्या आरंभीच (लूक १:१–४) आपल्या आधीच्या लेखनाचा आणि प्रत्यक्ष साक्षीदारांचा उल्लेख करतो, आणि थियफिलाला शिकविलेल्या गोष्टींची खात्री पटावी हा आपला उद्देश असल्याचे सांगतो. पौल पुनरुत्थानाविषयी लिहिताना (१ करिंथ. १५:३–८) प्रथम सांगतो की हे मला मिळालेले आहे, आणि मग साक्षीदारांची यादी देतो : केफा, बारा जण, पाचशेहून अधिक बंधू, याकोब. त्या पाचशेंपैकी बहुतेक जण हयात आहेत असेही तो नमूद करतो. ज्याला शंका असेल त्याने जाऊन विचारावे, असाच त्याचा अर्थ होतो.

येथे एखादा चाणाक्ष विद्यार्थी म्हणेल की पवित्र शास्त्रातही सर्वत्र असे नेमके संदर्भ नाहीत. हे खरे आहे. इब्री लोकांस पत्राचा लेखक आठव्या स्तोत्रातील वचन देताना (इब्री २:६) कोणीतरी कोठेतरी साक्ष दिली आहे, एवढेच म्हणतो. मार्काने यशयाच्या नावाने दिलेल्या अवतरणाचा (मार्क १:२) पूर्वार्ध मलाखी ३:१ शी जुळतो, आणि काही हस्तलिखितांत नकलकारांनी ‘यशया’ हे नाव काढून ‘संदेष्टे’ असा बदल केलेला आढळतो. मत्तय २७:९ मध्ये यिर्मयाचे नाव आहे, पण वचनाचा मोठा भाग जखऱ्या ११:१२–१३ मधील आहे. त्या काळी लेखक बहुधा स्मरणातून अवतरणे देत, अनेक वचने एकत्र गुंफत आणि त्यांतील प्रमुख संदेष्ट्याचे नाव घेत. त्यांच्या वाचकांना तो संकेत ठाऊक होता. परंतु ह्या तीन स्थळांवर टीकाकारांना किती पाने खर्च करावी लागली आहेत, हे ज्याने पाहिले आहे तो आपल्या प्रबंधात ‘कोठेतरी कोणीतरी’ असे लिहिणार नाही.

२. प्रबंधाचे बाह्यरूप

प्रत्येक विद्यापीठाचे व प्रत्येक सेमिनरीचे स्वतःचे नियमपत्रक असते. ते लेखनास आरंभ करण्यापूर्वी मिळवावे, लेखन संपल्यावर नव्हे. आम्ही खाली देत आहोत ते सर्वसाधारणपणे रूढ असलेले संकेत आहेत. आपल्या संस्थेचा नियम भिन्न असेल तर तोच पाळावा.

कागद ए-४ आकाराचा असावा. बांधणीसाठी डाव्या बाजूस दीड इंच व इतर तीन बाजूंस एक इंच समास सोडावा. दोन ओळींत दीडपट किंवा दुप्पट अंतर ठेवावे. देवनागरीत हे अंतर अधिकच आवश्यक आहे, कारण रफार, मात्रा व अनुस्वार वर जातात आणि उकार, ऋकार खाली उतरतात. ओळी दाट बसविल्या की ते एकमेकांत अडकतात. लांब अवतरण, म्हणजे चार-पाच ओळींहून अधिक मजकूर, अवतरणचिन्हांशिवाय स्वतंत्र परिच्छेदात, डावीकडून आत सरकवून व एकेरी अंतराने टंकित करावे. मुखपृष्ठ, मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र, विद्यार्थ्याचे प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, संक्षेपसूची व अनुक्रमणिका हा प्रारंभीचा भाग होय. मराठी ग्रंथांत ह्या पृष्ठांना एक, दोन, तीन असे अक्षरी क्रमांक देण्याची चांगली पद्धत आहे. अंकी पृष्ठांक पहिल्या प्रकरणापासून सुरू करावेत.

एक सूचना संगणकाविषयी. मुद्रणालयांच्या जुन्या टंकांत मजकूर तयार केला तर दुसऱ्या संगणकावर तो निरर्थक चिन्हांचा पुंजका होऊन उमटतो, आणि त्यात शब्दाचा शोधही घेता येत नाही. म्हणून मराठी असो वा कानडी, सर्व मजकूर युनिकोड टंकातच लिहावा. प्रबंधात दोन्ही लिप्या येणार असतील, तर सुपूर्द करावयाच्या प्रतीत त्या नीट उमटतात की नाही हे एखादे पान आधी छापून पाहावे.

३. तळटीप व ग्रंथसूची

संदर्भ देण्याच्या मुख्य पद्धती दोन. एकीत लेखकाचे आडनाव, वर्ष व पृष्ठ हे मजकुरातच कंसात देतात. दुसरीत मजकुरात क्रमांक देऊन पानाच्या तळाशी टीप देतात. इतिहास व ईश्वरविज्ञान ह्या विषयांत दुसरी पद्धत अधिक प्रचलित आहे, कारण हस्तलिखिते, नोंदवह्या, पत्रव्यवहार असे संदर्भ कंसात मावत नाहीत. शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाने १९०६ मध्ये आपली लेखनसंहिता प्रसिद्ध केली. त्याच विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट ट्युरेबियन ह्यांनी १९३७ मध्ये विद्यार्थ्यांसाठी एक छोटी पुस्तिका तयार केली. आज जगभर वापरली जाणारी तळटिपांची एक प्रमुख पद्धत तिच्यावरून ‘ट्युरेबियन’ ह्याच नावाने ओळखली जाते. विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या चुका पाहून पाहून एका कार्यालयीन सेविकेने ती रचली, हे लक्षात घेतले म्हणजे तिचा धाक थोडा कमी होतो.

ग्रंथाच्या पहिल्या तळटिपेत लेखक, ग्रंथनाम, खंड, आवृत्ती, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष व पृष्ठ हा तपशील ह्याच क्रमाने द्यावा. ग्रंथसूचीत आडनाव आधी येते व पृष्ठांक गळतो. आपल्या भागाच्या इतिहासासाठी ज्यावाचून चालत नाही असा एक ग्रंथ उदाहरणादाखल घेऊ. सूचीत तो असा येईल : कॅम्पबेल, जेम्स एम. (संपा.), गॅझेटियर ऑफ द बॉम्बे प्रेसिडेन्सी, खंड २१ : बेळगाव, मुंबई, गव्हर्नमेंट सेंट्रल प्रेस, १८८४. येथे ‘संपा.’ हा संक्षेप महत्त्वाचा आहे. तो गाळला तर संपादकाने एकत्र केलेले अनेकांचे काम एकट्याच्या नावावर जमा होते.

तोच ग्रंथ लगेच पुढच्या टिपेत आला तर ‘तत्रैव’ लिहून पृष्ठांक द्यावा. मध्ये दुसरे ग्रंथ येऊन गेले असतील तर लेखकाचे नाव देऊन ‘उनि’, म्हणजे उपरिनिर्दिष्ट, असे लिहिण्याची मराठीत रूढी आहे. परंतु एकाच लेखकाचे दोन ग्रंथ प्रबंधात असतील तर ‘उनि’ने घोटाळा होतो. तेथे लेखकाचे आडनाव व ग्रंथाचे संक्षिप्त नाव देणे श्रेयस्कर. शिवाय ‘तत्रैव’ हा शब्द फार नाजूक असतो. मागाहून मध्ये एक नवी टीप घातली की तो भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतो. म्हणून कच्च्या लेखनात प्रत्येक टीप पूर्ण लिहावी. ‘तत्रैव’ अगदी शेवटी घालावे.

जो ग्रंथ आपण स्वतः पाहिला नाही, त्याचा संदर्भ पाहिल्यासारखा देऊ नये. दुसऱ्याच्या पुस्तकातून एखादे अवतरण उचलले असेल तर मूळ ग्रंथाचे नाव देऊन पुढे ‘अमुक ग्रंथात उद्धृत’ असे स्पष्ट लिहावे. जुने ग्रंथ हल्ली संगणकावर पानांच्या छायाचित्रांच्या रूपात वाचता येतात, ही मोठी सोय आहे. तेव्हा मूळ छापील आवृत्तीचा तपशील देऊन तिची छायाप्रत कोठे व कोणत्या दिवशी पाहिली तेही नमूद करावे.

४. पवित्र शास्त्र व इतर प्राचीन ग्रंथ

काही ग्रंथांना पृष्ठांकाची गरज नसते, कारण त्यांचे विभाग सर्व आवृत्तींत समान असतात. पवित्र शास्त्राची आजची अध्यायरचना तेराव्या शतकाच्या आरंभीची असून तिचे श्रेय स्टीफन लँग्टन ह्यांना दिले जाते. नव्या कराराचे आजचे वचनक्रमांक रोबेर एतिएन ह्या मुद्रकाने १५५१ च्या आवृत्तीत घातले. म्हणून पवित्र शास्त्राचा संदर्भ पुस्तक, अध्याय व वचन असाच द्यावा, आणि पुस्तकांच्या नावांचे संक्षेप प्रारंभीच्या सूचीत उलगडून ठेवावेत.

तथापि दोन गोष्टी स्पष्ट केल्याच पाहिजेत. पहिली, भाषांतर कोणते? सेरामपूरहून १८११ मध्ये मोडी लिपीत निघालेला कॅरे ह्यांचा मराठी नवा करार, पंडिता रमाबाईंचे १९२४ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झालेले भाषांतर, बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे २०१० चे ‘सुबोध बायबल’ ह्यांतील शब्द एक नाहीत. ज्या प्रबंधात एखाद्या शब्दावर युक्तिवाद उभा आहे, तेथे भाषांतराचे नाव नसेल तर युक्तिवादच लटका पडतो. दुसरी गोष्ट स्तोत्रांची. प्राचीन ग्रीक भाषांतरात नववे व दहावे स्तोत्र एकच धरले आहे. त्यामुळे ग्रीक व लॅटिन परंपरेत तेथून पुढच्या बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक इब्रीपेक्षा एकाने मागे पडतो. मेंढपाळाचे स्तोत्र इब्री क्रमाने तेविसावे, तर जुन्या लॅटिन प्रार्थनाग्रंथांत बाविसावे. आपण कोणता क्रम स्वीकारला ते एकदाच सांगावे.

हाच नियम आपल्या मराठी वारशालाही लागू आहे. फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये प्रथम छापले गेले, परंतु सतराव्या शतकातील त्याच्या छापील आवृत्तींची एकही प्रत आज उपलब्ध नाही. मंगळूरची १९०७ ची आवृत्ती रोमन लिपीत आहे. शांताराम बंडेलू ह्यांनी संपादित केलेली पुण्याची १९५६ ची आवृत्ती देवनागरीत आहे. दोहोंची पाने अर्थातच जुळत नाहीत. पण पुराणाचे भाग दोन, पहिल्यात छत्तीस व दुसऱ्यात एकोणसाठ अवस्वरू, आणि प्रत्येकात क्रमांकित ओव्या, अशी रचना कवीनेच करून ठेवलेली आहे. म्हणून संदर्भ भाग, अवस्वरू व ओवी असा द्यावा आणि आवृत्तीचे नाव सूचीत सांगावे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या दस्तऐवजांचे परिच्छेद व १९८३ च्या धर्मविधिसंहितेची कलमे हीही अशीच क्रमांकाने उद्धृत करावीत, पृष्ठाने नव्हे.

५. सीमाभागातील विशेष अडचणी

आतापर्यंतचे नियम कोठल्याही पुस्तिकेत मिळतील. बेळगाव, निपाणी, चिक्कोडी, खानापूर ह्या भागात काम करणाऱ्याला आणखी काही अडचणी येतात, आणि त्यांची उत्तरे पुस्तिकांत नसतात.

पहिली अडचण स्थलनामांची. ह्या शहराचे अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून ‘बेळगावी’ झाले. मराठी माणूस बेळगाव म्हणतो, आणि इंग्रजी कागदपत्रांत आणखी निराळे वर्णन आढळते. संदर्भात प्रकाशनस्थळ जसे मुखपृष्ठावर छापलेले असेल तसेच द्यावे, मग ते आपल्या मनाला रुचो वा न रुचो. स्वतःच्या निवेदनात कोणते तरी एक रूप निवडावे व प्रस्तावनेत तसे सांगावे. राज्याच्या नावाबाबतही सावध असावे. हा भाग १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, नंतर म्हैसूर राज्यात आला, आणि त्या राज्याचे नाव १९७३ मध्ये कर्नाटक झाले. १८८४ च्या घटनेविषयी लिहिताना ‘कर्नाटकातील बेळगाव’ किंवा ‘महाराष्ट्रातील बेळगाव’ असे लिहिणे, दोन्ही इतिहासाला धरून नाही. सीमेविषयी प्रत्येकाचे मत असेल, आणि ते मांडण्याची जागा अन्यत्र आहे. तळटिपेने दोन्ही बाजूंच्या वाचकाला त्याच कपाटापाशी नेऊन सोडावे.

दुसरी अडचण व्यक्तिनामांची. मराठीत आडनाव आधी घालावे हे सोपे आहे : टिळक, नारायण वामन. परंतु बेळगावातच १८३१ मध्ये जन्मलेले व १८५४ मध्ये तेथेच बाप्तिस्मा घेतलेले ‘यमुनापर्यटन’कार बाबा पदमनजी ह्यांचे कुलनाम मुळे होते, पदमनजी हे वडिलांचे नाव. ग्रंथांवर ते ‘बाबा पदमनजी’ ह्या नावानेच वावरतात, म्हणून सूचीत ‘पदमनजी, बाबा’ असे घालावे. ‘पंडिता’ ही पदवी आहे, आडनाव नव्हे; तेव्हा ‘रमाबाई, पंडिता’. कानडी ग्रंथकारांत दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे ह्यांना आडनाव आहे, तर बी. एम. श्रीकंठय्य ह्यांना आपल्या अर्थाने आडनावच नाही. त्यांची आद्याक्षरे गावाची व वडिलांची आहेत, म्हणून ‘श्रीकंठय्य, बी. एम.’ असेच लिहिले पाहिजे. फादर, रेव्हरंड, डॉक्टर इत्यादी उपाध्या सूचीत गाळाव्यात. त्यात अनादर नाही. आदर दाखविण्यास आपल्या भाषेत आदरार्थी बहुवचन आहे आणि ते निवेदनात वापरावे.

तिसरी अडचण लेखनपद्धतीची. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ मध्ये रूढ झाले व १९७२ मध्ये त्यांत भर पडली. त्यापूर्वीच्या ग्रंथांत ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘मुलें’ असे अनुस्वार आढळतात. स्वतःचे लेखन नव्या नियमांनी करावे, पण अवतरण मात्र मुळात असेल तसेच उतरावे. त्याला ‘सुधारणे’ हा साक्षीत फेरफार होय. आपण घातलेला शब्द चौकटी कंसात ठेवावा. मोडीतील कागदांत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. तेथे देवनागरीकरण आपण कोणत्या धोरणाने केले ते एकदा सांगून टाकावे.

चौथी अडचण कालगणनेची. जुन्या मराठी पुस्तकांवर व कागदांवर शक असतो. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, पण शकवर्ष चैत्रात बदलते; म्हणून महिना ठाऊक नसेल तर शके १८०० म्हणजे इ. स. १८७८-७९ असे जोडवर्ष लिहावे. मूळ शक आधी लिहून इसवी सन चौकटी कंसात द्यावा.

६. नोंदवह्या, पत्रव्यवहार व मौखिक साक्ष

आपल्या भागाच्या मंडळ्यांचा इतिहास एका ठिकाणी साठविलेला नाही. लंडन मिशनरी सोसायटीचे काम बेळगावात १८२० मध्ये सुरू झाले. त्या सोसायटीचा पत्रव्यवहार आज लंडनमध्ये, ‘सोआस’ संस्थेच्या ग्रंथालयात आहे. कोल्हापुरास रॉयल वाइल्डर १८५२ मध्ये आले आणि तेथील काम पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. बेळगावचा कॅथलिक धर्मप्रांत १९५३ मध्ये स्थापन झाला. त्यापूर्वीच्या कागदांसाठी गोवा व पुणे येथे जावे लागते. अशा कागदांचा संदर्भ देताना कोणी कोणाला लिहिले, तारीख, संग्रहाचे नाव, पेटी व पुडके ह्यांचा क्रमांक आणि संग्रहस्थान हे सर्व द्यावे. पत्राची तारीख वाचता येत नसेल तर ‘तारीख अस्पष्ट’ असे लिहावे. अंदाजाने वर्ष घालू नये.

बाप्तिस्मा, विवाह व मृत्यू ह्यांच्या नोंदवह्या तर आपल्याच कपाटात असतात. कॅथलिक धर्मविधिसंहितेच्या ५३५ व्या कलमाने त्या ठेवणे व जुन्या वह्या जपणे हे धर्मग्रामाचे कर्तव्यच ठरविले आहे, आणि इतर मंडळ्यांतही ह्या वह्यांचे मोल तितकेच आहे. संदर्भात वहीचे नाव, तिचा कालावधी, पान व नोंदीचा क्रमांक द्यावा. मात्र येथे एक मर्यादा आहे. ह्या वह्यांत माणसांच्या खाजगी गोष्टी असतात : जन्माची परिस्थिती, पूर्वीची जात, दत्तकविधान. हयात व्यक्तीच्या बाबतीत तिच्या संमतीवाचून नाव छापू नये. नोंदीचा क्रमांक दिला की परीक्षकाला पडताळा घेता येतो, आणि कोणाची अब्रूही उघड्यावर पडत नाही.

शेवटी मौखिक साक्ष, जिच्यात आम्ही चुकलो. तिची तळटीप अशी असावी : सांगणाऱ्याचे पूर्ण नाव, अंदाजे वय, गाव, मंडळीतील नाते किंवा काम, मुलाखतीची तारीख व भाषा, आणि ध्वनिमुद्रण वा टिपणे कोठे ठेवली आहेत ते. स्त्रियांच्या बाबतीत माहेरचे व सासरचे अशी दोन्ही नावे विचारावीत. विवाहाने व बाप्तिस्म्याने नाव बदलत गेले की नोंदवहीत त्यांचा माग लागत नाही. सांगणारा कानडीत बोलला आणि आपण मराठीत लिहिले, तर भाषांतर आपले आहे असे म्हणावे. नाव देण्याची परवानगी मागावी. नको म्हटले तर त्या इच्छेचा मान राखून ‘नाव विनंतीवरून गुप्त’ असे लिहावे व खरे नाव मार्गदर्शकांच्या स्वाधीन करावे. ‘एका वृद्धेने सांगितले’ आणि ‘नाव विनंतीवरून गुप्त’ ह्या दोन टिपा वरवर सारख्या दिसतात. परंतु पहिलीत आपण विचारलेच नाही, आणि दुसरीत विचारून शब्द पाळला.

७. वाङ्मयचौर्याविषयी

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याला आळा घालण्यासाठी नियम केले. त्यांनुसार, योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे व संदर्भसूची वगळून, प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरावीक मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, प्रबंध सुधारून द्यावा लागतो. ४० ते ६० टक्के असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. आणि ६० टक्क्यांहून अधिक असेल तर नोंदणीच रद्द होते.

परंतु टक्केवारीत न सापडणारी चोरीही असते. इंग्रजी टीकाग्रंथातील किंवा कानडी पुस्तकातील परिच्छेद मराठीत उतरवून तो आपला म्हणून देणे ही चोरीच होय, यंत्राला ती दिसो वा न दिसो. आपल्यापैकी अनेकांना ही सवय प्रवचनांमुळे लागते. प्रवचनात तळटिपा नसतात, ऐकलेला दृष्टान्त सांगणाऱ्याचा होऊन जातो, आणि त्यात कोणी गैर मानीत नाही. प्रबंध हा निराळा प्रकार आहे. तेथे प्रत्येक विधानामागे कोण उभा आहे हे सांगण्याची प्रतिज्ञा आपण पहिल्याच पानांत सहीनिशी केलेली असते.

अलीकडे संगणकाची लेखनसाधने विचारताच मजकूर तयार करून देतात, आणि मागितले तर संदर्भही देतात. त्यांतील काही संदर्भ मुळातच अस्तित्वात नसलेल्या ग्रंथांचे असतात; लेखक, वर्ष, पृष्ठ सारे यथास्थित, फक्त ग्रंथ नाही! ज्या ग्रंथाचे पान आपण स्वतः उलटून पाहिले नाही तो सूचीत घालू नये, हा जुना नियम येथे पुरेसा आहे.

८. धर्मशिक्षकांना विनंती

आमचे पुष्कळ वाचक प्रबंध लिहिणार नाहीत. परंतु उद्या जो कोणी लिहील, तो तुमच्याच दारी येईल. म्हणून आमची विनंती आहे की प्रत्येक धर्मशिक्षकाने एक वही ठेवावी. गावातील वृद्ध माणसांकडे आजारपणात, सणावाराला, प्रार्थनेला आपले जाणे होतेच. त्यांनी काही जुनी हकीकत सांगितली की घरी आल्यावर चार ओळी लिहाव्यात, आणि त्याखाली नाव, गाव, तारीख घालावी. पानांना क्रमांक द्यावेत. वही भरली की ती धर्मग्रामाच्या किंवा मंडळीच्या कपाटात नोंदवह्यांशेजारी ठेवावी. ज्यांच्याविषयी एकही छापील ओळ नाही अशा माणसांच्या श्रद्धेचा इतिहास पुढे ह्याच वह्यांवर उभा राहील.

आमच्या त्या लघुप्रबंधाची प्रत ग्रंथालयात अद्याप आहे. काही वर्षांपूर्वी ग्रंथपालांच्या अनुमतीने आम्ही तिच्यात एक शुद्धिपत्र चिकटविले. तिसऱ्या प्रकरणातील माहिती ज्या बाईंनी दिली त्यांचे नाव लेखकाने विचारले नव्हते, आणि नंतर शोध घेऊनही ते मिळाले नाही, एवढेच त्यात लिहिले आहे. ते गाव अजून आमच्या वाटेवर लागते. तेथील कोणा वाचकाला त्या बाईंचे नाव ठाऊक असेल, तर त्यांनी आम्हांला अवश्य कळवावे. शुद्धिपत्रात त्यासाठी आम्ही जागा मोकळी सोडली आहे.